रोजकीर्दीत न उतरलेल्या नोंदी

मार्गशीर्ष लागला की नंदुरबारच्या आसपासची मोकळी रानेही लाल दिसू लागतात. लिलावात घेतलेली ओली मिरची व्यापारी पथाऱ्यांवर पसरून वाळवतात, मजूर बाया देठ खुडत बसतात, आणि वारा सुटला की त्या बाजूला राहणाऱ्या प्रत्येकाच्या घशाला खवखव सुटते. मिरचीच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या घरांना या ठसक्याचे काही वाटत नाही. मोसमाबरोबर आला, मोसमाबरोबर जाईल, इतकाच त्याचा विचार.

अशाच एका आडत्याच्या घरातील ही हकीकत आहे. खाली गाळा आणि गोदाम, वर राहते घर, तेरा माणसांचे एकत्र कुटुंब. घरातील नात दहावीत, वय सोळा. सातव्या वर्षापासून तिला दमा. उन्हाळा-पावसाळ्यात तिच्याकडे पाहून कोणाला शंकाही येऊ नये. थंडी आणि मिरची एकत्र आली म्हणजे मात्र छाती वाजू लागे. गेल्या हिवाळ्यात ताप आला, खोकला बसला, पिवळा कफ पडू लागला. घरच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीत संसर्ग झाल्याचे सांगून प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या. इथवर यात वेगळे काही नव्हते.

मंगळवारी दुपारी ती दादाजींना जेवायला बोलावण्यासाठी पेढीवर उतरली आणि त्यांच्या पुढे जिना चढू लागली. वळणावर थांबून म्हणाली, “दादाजी, छातीत ढोल वाजल्यासारखं होतंय,” आणि तेथेच कोसळली. दादाजींनी तिला कसेबसे सावरले. आरडाओरडा ऐकून गोदामातला हमाल धावत आला. त्याने क्षणाचाही विचार न करता आपल्या भाकरीच्या फडक्यातला कांदा काढला, बुक्कीने फोडला आणि मुलीच्या नाकाशी धरला. ज्या घराच्या उंबऱ्याच्या आत दोन पिढ्यांत कांदा आला नव्हता, त्या घराच्या जिन्यावर हे घडले, आणि दारात उभ्या असलेल्या दादीजींनी हरकत घेतली नाही. मुलगी अर्ध्या-पाऊण मिनिटात डोळे उघडून पाहू लागली. कांद्याला मिळालेले हे श्रेय खरे तर त्याचे नव्हे. माणूस आडवा झाला, की मेंदूकडे रक्त पुन्हा पोहोचते आणि साध्या मूर्च्छेतून शुद्ध आपोआप येते. मात्र त्या हमालाची धाव खरी होती आणि घराने पुढे तिची आठवण ठेवली.

तासाभरात तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यात आले. डॉक्टरबाईंनी बोटाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायू पाहिला, तो 93 होता. नाडी 138. झोपलेल्या स्थितीत वरचा रक्तदाब 104 भरला. उभे करून तीन मिनिटांनी पाहिला तर 78, आणि मुलीने टेबलाची कड घट्ट धरली. लगेच ईसीजी काढण्यात आला. मग डॉक्टरबाईंनी विचारले, “याआधी कधी चक्कर येऊन पडली होती?”

“नाही,” असे आई म्हणाली. त्याच वेळी मोठ्या काकी म्हणाल्या, “काल सकाळी.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. डॉक्टरबाईंना बहुधा अशी घरे परिचयाची असावीत. त्यांनी बरोबर आलेल्या सर्वांना आत बोलावून बसवले आणि दादाजींना म्हणाल्या, “दादाजी, तुमच्याकडे एक गोणी आली तरी वजन, भाव, तारीख लिहिली जाते ना? मग हिची प्रत्येक चक्कर लिहा. कोणता दिवस, किती वाजता, त्या वेळी ती काय करत होती, आधी काय झालं, शुद्ध यायला किती वेळ लागला. कोण चुकलं ते मला नको आहे.”

दादाजींच्या सदऱ्याच्या खिशात हिशेबाची एक जुनी पट्टी होती. तिच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी लिहायला घेतले, आणि तेरा माणसांच्या घरात कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट त्या कागदावर उमटली. मुलगी एकदा नव्हे, चार वेळा पडली होती. चौघांनी एक-एक मूर्च्छा पाहिली होती आणि प्रत्येकाने ती आपल्यापाशीच ठेवली होती.

पहिली नोंद धाकट्या भावाकडून आली. पंधरा दिवसांपूर्वी, म्हणजे ताप येण्याच्याही आधी, शाळेत प्रार्थनेच्या वेळी ताई रांगेत उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली आणि मग कलंडली. त्या दिवशी तिने सकाळी काही खाल्ले नव्हते. “मम्मीला सांगू नकोस, शाळा बंद करतील,” असे सांगून तिने त्याच्याकडून शपथ घेतली होती.

दुसरी नोंद आईची. गेल्या गुरुवारी रात्री खोकल्याची उबळ थांबेचना. अंथरुणावर बसूनच मुलगी खोकत होती, चेहरा लालबुंद झाला, आणि खोकता खोकताच मान आईच्या खांद्यावर टाकली. पाच-सात सेकंदांत पुन्हा सावध. आईने हे पतीलाही सांगितले नाही. मोठ्या दिरांच्या मुलीच्या सगाईची बोलणी चालू होती, चार दिवसांनी पाहुणे यायचे होते. ‘या घरात दमा आहे, मुली बेशुद्ध पडतात’ हे वाक्य एका गावातून दुसऱ्या गावात जायला आपल्या समाजात किती वेळ लागतो, हे तिला चांगले ठाऊक होते.

तिसरी नोंद काकींची. सोमवारी पहाटे मुलगी अंथरुणातून उठून चार पावले चालली आणि न्हाणीघराच्या दाराशी पडली. ज्यांच्या मुलीची सगाई होती, त्या याच काकी. जावेला सांगितले तर आपल्या मुलीच्या कार्यात अपशकुन केल्यासारखे तिला वाटेल, या विचाराने त्या गप्प राहिल्या. दोन्ही जावा एकमेकींसाठीच गप्प होत्या, हे त्या खोलीत प्रथम कळले.

चौथी नोंद मंगळवारची, दादाजींनी स्वतः पाहिलेली. ती लिहून झाली तरी त्यांनी पेन खाली ठेवले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आणखी एक लिहायचं राहिलं. शुक्रवारपासून मी तिला माझी गोळी देत होतो. सकाळ-संध्याकाळ.”

दादाजींनाही दमा आहे. चाळीस वर्षे मिरचीत काढलेल्या माणसाची छाती. त्यांना वर्षानुवर्षे थिओफिलिनची गोळी चालू आहे आणि तिने त्यांना आराम पडतो. नातीची धाप पाहवेना, तेव्हा त्यांनी आपल्या पाकिटातली गोळी तिला दिली. गुण येतोसा वाटला, म्हणून देत राहिले. प्रेमापोटी केलेली गोष्ट सांगावी कोणाला, आणि का?

डॉक्टरबाईंनी त्या गोळीचे नाव पाहिले, मग शुक्रवारीच सुरू झालेल्या प्रतिजैविकाचे पाकीट पाहिले. ते क्लॅरिथ्रोमायसिन होते. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी जे समजावले ते व्यापाऱ्याला समजणे अवघड नव्हते. थिओफिलिनची उपयोगी मात्रा आणि त्रास देणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. यकृत ती रोज ठरावीक गतीने शरीरातून काढून टाकते. क्लॅरिथ्रोमायसिन ही गती मंदावते. आवक तीच आणि जावक कमी, म्हणजे शिल्लक चढत जाणार. ही शिल्लक चढली, की मळमळ, उलट्या, हातांना कंप आणि छातीत धडधड सुरू होते. रविवारपासून मुलीला दोनदा-तीनदा उलटी झाली होती. घरच्यांनी ती कफाची मानली होती. शिवाय धाप लागली की ती आराम देणारा पंप वरचेवर ओढत होती. त्यानेही नाडी वाढते आणि रक्तातले पोटॅशियम घटू शकते. तिचे पोटॅशियम थोडे उतरलेलेच निघाले. “याच्यामुळेच ती पडली असं मी म्हणत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण हे मला कळलं नसतं, तर मी आणखी एक औषध वर चढवलं असतं.”

नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना दाखवलेल्या आजारावर औषध दिले होते. दादाजींची गोळी त्यांच्यापुढे आलीच नव्हती. केमिस्टने लिहिलेले तेवढे दिले होते. घरातील एका माणसाचे औषध दुसऱ्याला देणे ही आपल्याकडे इतकी साधी गोष्ट आहे, की ती सांगण्याजोगी कोणाला वाटत नाही. उसने मीठ द्यावे तशी गोळी दिली जाते.

आता त्या पट्टीवरील नोंदी एकमेकींपासून किती निराळ्या होत्या ते पाहण्यासारखे आहे. माणूस आडव्याचा उभा राहतो तेव्हा सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून ते सावरते. अंगातले पाणी कमी असेल, ताप असेल, उलट्या झाल्या असतील, तर हे सावरणे अपुरे पडते. सोमवारची पहाट ही त्यातली. शाळेतली मूर्च्छा उपाशीपोटी बराच वेळ एका जागी उभे राहिल्याने आलेली, किशोरवयात पुष्कळांना येणारी. आधी अंधारी येते, कानांत गुणगुण होते, घाम फुटतो. तपासणीत मुलीचे हिमोग्लोबिन 9.8 निघाले, त्याचाही त्यात वाटा असावा. खोकल्यातली मूर्च्छा आणखी वेगळी. लागोपाठ खोकताना छातीच्या पोकळीतला दाब इतका वाढतो, की हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि मेंदूचा पुरवठा काही सेकंद तुटतो. दमा असलेल्या मुलांत हे आढळते. त्यावर उपाय चक्करीचा नव्हे, खोकल्याचा आणि दम्याचा करायचा असतो.

डॉक्टरबाईंना खरी चिंता होती ती जिन्यावरच्या नोंदीची. श्रम करीत असताना, छातीत धडधड होऊन आलेली मूर्च्छा हृदयाच्या लयीतील दोषाची असू शकते. पूर्वसूचना न देता आलेली किंवा आडवे असताना आलेली मूर्च्छाही त्याच रांगेतली. म्हणून त्यांनी घरात कोणी तरुण वयात अचानक गेले आहे का, कोणी पोहता येत असूनही बुडाले आहे का, असे खोदून विचारले. तसे कोणी नव्हते. काही प्रतिजैविके, क्लॅरिथ्रोमायसिन त्यांपैकीच, ईसीजीवरील एक अंतर लांबवतात. तेही त्यांनी मोजले. नाडीचा वेग सोडता आलेख ठीक होता. तरीही दोन्ही गोळ्या बंद करून, प्रतिजैविक बदलून, पंधरा दिवसांनी पुन्हा ईसीजी काढण्याचे त्यांनी ठरवले.

एक गोष्ट त्यांनी दादीजींना दोनदा बजावली. दम्याचा जोराचा झटका चालू असताना, म्हणजे एक वाक्यही सलग बोलता येत नाही, ओठ निळसर पडले आहेत, आधी वाजणारी छाती एकदम शांत झाली आहे, अशा वेळी गुंगी किंवा मूर्च्छा आली, तर ती या चारांपैकी कोणत्याच खात्यात बसत नाही. तेथे नोंदी करीत बसायचे नाही. पंपाचे फवारे देत, 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचे. आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी कधीही घालायचे नाही, गंगेचे असो की उकळलेले.

मुलगी दोन रात्री रुग्णालयात राहिली. सलाइन, वाफ, नवे प्रतिजैविक. पहिल्याच संध्याकाळी मात्र एक पेच उभा राहिला, आणि तो वैद्यकाचा नव्हता. मुलीचा चौविहाराचा नियम होता. घरात सगळेच करतात म्हणून नव्हे; तिने स्वतः चातुर्मासात वर्षभराचा नियम घेतला होता आणि आजारातही तो कसोशीने पाळला होता. पौषाच्या तोंडावर नंदुरबारला सूर्य सहाच्या आत मावळतो आणि सातनंतर उगवतो. वर नवकारशीची 48 मिनिटे. म्हणजे जवळजवळ 14 तास पाण्याचा थेंब नाही, तोही ताप आणि उलट्या असताना. सोमवारची पहाट अशी घडली होती. आणखी एक गोष्ट तेथे उघड झाली. दमा आटोक्यात ठेवणारा जो रोजचा पंप असतो, तो घेतल्यावर चूळ भरावी लागते, नाहीतर तोंडात बुरशी धरते. रात्री तोंडात पाणी घ्यायचे नाही, म्हणून दिवाळीपासून तिने संध्याकाळचा पंपच सोडून दिला होता. दिवसाचा तेवढा चालू होता. पंपाची सवय लागते असे घरात दोघे-तिघे म्हणतच असत, तेव्हा कोणी विचारलेही नाही. वास्तविक या पंपाची सवय लागत नाही. तो सोडला की दबलेला दमा वर येतो, आणि लोक त्यालाच सवय म्हणतात.

शेषकाळातील विहारात काही महासतीजी त्या दिवसांत स्थानकात थांबल्या होत्या. आई आणि काकी, दोघी मिळून, सकाळी दर्शनाला गेल्या आणि सारे सांगितले. औषध द्या, पाणी पाजा, असे महासतीजी म्हणाल्या नाहीत. साध्वींची भाषा तशी नसते. त्यांनी एवढेच विचारले, “पच्चक्खाण घेताना आगार म्हटलेले ऐकलेत ना?” चौविहाराच्या पच्चक्खाणात चार आगार आहेत, आणि त्यांतला शेवटचा सर्वसमाधीचा. तीव्र वेदनेने किंवा व्याधीने चित्ताची समाधी ढळण्याची वेळ आली, तर तिच्या रक्षणासाठी घेतलेल्या औषधाने नियम भंगत नाही. ही सवलत कोणी नव्या काळात काढलेली नाही, ती पच्चक्खाणाच्या पाठातच गुंफलेली आहे. रोज तो पाठ ऐकणाऱ्या दोघींना त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मनाला टोचणी राहिली, तर बरे झाल्यावर आलोयणा घेता येते, असेही महासतीजींनी सांगितले.

मुलीने निरोप ऐकला आणि रात्री साडेआठला पाण्यातून औषध घेतले. तिचे डोळे भरून आले होते. ते कशाने, हे आईने विचारले नाही.

घरी परतल्यावर बदल थोडेच झाले, पण झाले. जिन्याच्या तोंडाशी दार बसले, त्यामुळे गोदामातली पूड वर येणे कमी झाले. लोहाच्या गोळ्या आणि नाचणी-खजूर-गुळाचे पदार्थ सुरू झाले. पंप थेट तोंडात न मारता स्पेसरच्या नळीतून घेतला, तर औषध घशात न चिकटता फुप्फुसात अधिक पोहोचते, हे मुलीने दादाजींनाही शिकवले. चाळीस वर्षांत ते त्यांना कोणी दाखवले नव्हते. आजारपण पुरते सरेपर्यंत चौविहार बाजूला राहिला, आणि नंतर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाला. संध्याकाळचा पंप आता सूर्यास्तापूर्वी, चुळेसह होतो. इतका साधा तोडगा दिवाळीतच निघू शकला असता, कोणी विचारले असते तर.

सगाईचे पाहुणे ठरल्या दिवसापेक्षा आठवडाभर उशिरा आले. घरात कोण आजारी होते हे त्यांनी विचारले, तेव्हा काकींनीच सांगितले की आमच्या धाकट्या लेकीला दमा आहे, ती पडली होती, आता बरी आहे. पाहुण्यांकडच्या वडीलधाऱ्या बाई क्षणभर थांबल्या आणि “कोणता पंप घेते?” असे विचारून त्यांनी बोलणी पुढे चालू ठेवली. सगाई झाली. त्या प्रश्नामागे काय होते, हे काकींना अजून उमगलेले नाही.

पंधरा दिवसांनी काढलेला ईसीजी निर्दोष आला. नाडी 84, उभे राहूनही रक्तदाब स्थिर. त्या दिवशी दादाजींनी आपल्याही औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे उपडी केली. तिच्यातून निघालेल्या तीन पाकिटांची मुदत संपलेली होती.

हिशेबाची ती पट्टी पेढीवर गादीमागच्या खिळ्याला टांगलेली आहे. चार नोंदींच्या खाली पाचवी नाही. संध्याकाळी दिवे लावण्याच्या आधी मुनीम पंचांगात सूर्यास्ताची वेळ पाहून सांगतो, आणि दादाजी गादीवरूनच जिन्याकडे तोंड करून हाक मारतात, “बेटा, पंप झाला का?” वरून उत्तर येईपर्यंत ते त्या दिवसाची रोजकीर्द मिटत नाहीत.